परदेशात कायदा सल्लागार म्हणून जायचंय? आधी रिमांडचं काम किती केलंय ते सांगा

तुम्ही विचारलंय: सहा वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता आहे, फौजदारी न्यायसुधारणेच्या कामावर सल्लागार म्हणून परदेशी जायचंय, वाट कुठली, पात्रता काय, आणि परत आल्यावर इथं त्याला कोण विचारतं का? त्या शेवटच्या वाक्यामुळं लिहायला बसले.

वाटेचं आधी उरकते. अमेरिकेच्या न्याय खात्यात 1991 मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग निघाला, तो तिथले सरकारी वकील परदेशातल्या अमेरिकी दूतावासांत मुक्कामी ठेवत आलाय. आपल्याकडं अशी रुळलेली सोय माझ्या पाहण्यात नाही. इतर देशांना तांत्रिक मदत देणाऱ्या भारत सरकारच्या 1964 पासूनच्या आयटेक कार्यक्रमात तज्ज्ञ बाहेर पाठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांत एक तर सरकार नाव देतं, नाहीतर आपण अर्ज करून कंत्राटावर जायचं. मी कंत्राटावर गेले, 2012 मध्ये, दक्षिण सुदानला, तिथल्या सरकारी वकिलांना सल्ला द्यायला. त्याआधी कोल्हापुरात अकरा वर्षं तुमचंच काम केलं होतं. परवानगीची फाईल हलेना, म्हणून राजीनामा दिला.

आमचे सीनियर, ज्यांच्याकडं मी उमेदवारी केली, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. राजीनाम्याचं कळल्यावर सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या व्हरांड्यात चारचौघांसमोर म्हणाले, "आपल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठाय लागतीया, आणि तू जगाला न्याय शिकवाय निघालीस व्हय?" मी गप्प बसले. ते वाक्य अजून जात नाही.

तिथं पहिल्या महिन्यात मी चूक केली. दक्षिण सुदानची 2008 ची दंड संहिता उघडली आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. 1899 ची सुदानची संहिता आपल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या साच्यातनं काढलेली, आणि तो साचा 2008 पर्यंत ओळखू येतो. मग काय, आपल्या तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 167(2) सारखा, 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर मिळणारा जामीन तिथं कसा आणता येईल, यावर चाळीस पानी टिपण लिहिलं. माझ्याबरोबर एक तरुण सरकारी वकील दिला होता. शिक्षण खार्टूममध्ये अरबीतनं झालेलं, आणि आता देशाचा कायदा इंग्रजीत. रात्री शब्दकोश घेऊन बसायचा. त्यानं टिपण सगळं वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, 60 दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे?"

दुसऱ्या दिवशी तो मला एका तालुक्याएवढ्या गावातल्या तुरुंगात घेऊन गेला. नोंदवही म्हणजे शाळेची वही, पावसात भिजून फुगलेली. नाव आणि त्यापुढं 'खून' किंवा 'गुरं'. बऱ्याच नावांपुढं तेही नाही. अटकेनंतर 24 तासांत कोर्टापुढं न्यायचं, हे त्यांच्या 2011 च्या संविधानातही आहे. पण अटक कधी झाली हेच वहीत नाही.

आम्ही लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं आणि एकेकाला बोलावलं. तारीख कुणालाच सांगता येईना. दुभाष्या तेच तेच विचारून दमला. तेव्हा मला आपल्याकडच्या साक्षीदार आज्या आठवल्या. त्यांना आपण तारीख विचारत नाही. महापुराच्या आधी का नंतर, जोतिबाच्या यात्रेला किती दिवस होते, असं विचारतो. मी दुभाष्याला म्हटलं, विचार, सार्वमताच्या मतदानाच्या आधी धरलं का नंतर? म्हणजे जानेवारी 2011, सुदानपासून वेगळं व्हायचं का यावरचं मतदान. झेंडा चढला त्या दिवशी तू बाहेर होतास का आत? म्हणजे 9 जुलै 2011, देश स्वतंत्र झाला तो दिवस. मग पहिला पाऊस, मग ज्वारीची कापणी. नऊ दिवसांत प्रत्येक नावापुढं निदान महिना आणि साल आलं. कलम, पुढची तारीख आणि दुभाष्याचं नाव हे रकाने त्या तरुण वकिलानं स्वतः आखले, पट्टी नव्हती म्हणून पुठ्ठ्याच्या कडेनं.

त्यात एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. खून थोरल्या भावानं केलेला, भाऊ पळाला, म्हणून ह्याला आत टाकलेलं. मी म्हटलं, आजच सोडायला सांगा. वकील म्हणाला, "सोडला तर मेलेल्याचे भाऊ संध्याकाळपर्यंत ह्याला मारतील. त्याला विचारा, त्यालाही माहितीय." पोरानं मान हलवली. तिथल्या दंड संहितेच्या कलम 206 प्रमाणं मयताच्या वारसांनी भरपाई पत्करली तर फाशीऐवजी भरपाई आणि 10 वर्षांपर्यंत कैद देता येते, आणि भरपाई म्हणजे गुरं. पण ते आरोपीसाठी. हा आरोपीच नव्हता. दोन्ही घराण्यांचे प्रमुख बसले, गुरांचा आकडा ठरला, मग पोराला जजपुढं उभं करून सोडलं. सात आठवडे गेले. माझ्या चाळीस पानांतली एक ओळही त्यात वापरली नाही.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. पाच-सहा वर्षं रोज रिमांड केलेला, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का सोडायचं यावर कोर्टापुढं उभा राहिलेला माणूस ह्या कामाला लागतो. परिसंवादात भाषणं करणारे आणि परदेशी एलएलएम पदवीच्या जोरावर येणारे मी तिथं पाहिले. अहवाल छापून गेले, वहीला हात लावला नाही. सहा वर्षं आहेत तुमच्याकडं, अर्ज करा.

आणि अण्णांना, ते हे वाचतील न वाचतील. 18 ऑगस्ट 2025 ला त्याच जुन्या कोर्टात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे कोल्हापुरात बसणाऱ्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. त्यासाठी तुम्ही चाळीस वर्षं मोर्चे काढलेत, मीही तुमच्या मागं घोषणा दिल्यात. कागद आणि कोर्ट माणसाच्या आवाक्यात आणायचं एवढंच तुमचं मागणं होतं. त्या झाडाखाली मी दुसरं काय करत होते? शिकवायला गेले नव्हते, अण्णा. तुम्ही शिकवलेलं वापरायला गेले होते.

राहिलेलं थोडक्यात. माझी माहिती 2012-13 ची आहे, डिसेंबर 2013 ला तिथं यादवी पेटली, त्याआधी मी परतले होते. त्या वहीचं पुढं काय झालं, माहीत नाही. मलेरिया दोनदा झाला. पगार इथल्यापेक्षा बराच होता, पण कंत्राट वर्षावर्षाचं, आणि परत आल्यावर सेवाज्येष्ठता गेलेली असते, खाजगी वकिली पहिल्यापासून सुरू करावी लागते. मुलं लहान असतील तर घरात आधी बोला. शक्यतो राजीनामा देऊ नका, असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजेसाठी नेट लावा, मी घाई केली. फ्रेंच किंवा अरबी थोडी तरी येत असेल तर फार उपयोग होतो. आणि अर्जात रिमांड आणि जामिनाचं काम सगळ्यात वर लिहा, प्रमाणपत्रं खाली.