आज्जा बी असाच होता की

प्रश्न : मी 36 वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात आहे. मायक्रोमीटर हातात असला की जग सोपं वाटतं. गेल्या वर्षी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळलं. त्याच्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देताना सारखं वाटायचं, हे तर माझंच चाललंय. इथल्या एका डॉक्टरांनी ‘लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम?’ म्हणून परत पाठवलं. शेवटी धारवाडला जाऊन तपासणी केली. ऑटिझमच निघाला. बायको म्हणते, ‘खरं आता हे कळून काय करायचं?’ आई म्हणते, ‘तुझा आज्जा बी असाच होता की.’ आजोबा लोंढा स्टेशनवर बसून मालगाडीचे डबे मोजायचे. मुलासाठी थेरपी आहे, शाळा आहे. मी आधार कुठे शोधायचा?

उत्तर : आईचं ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला मात्र वाटलं, तुमच्या घरात न दचकलेलं एकच माणूस आहे, आणि ती आई आहे.

मी बेळगावात शहापूरच्या विणकर गल्लीत वाढले. मागाचा खटका दिवसभर चालायचा, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे; पुढचा आवाज कधी येणार ते ठाऊक असायचं. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघाली की मात्र मी कपाटामागे. आपल्याकडे बायकाही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, आणि मी पुस्तकातलं ‘मी जाते’ धरून बसलेली. गल्लीने नाव ठेवलं, पुण्याची मावशी! मलाही ऑटिझम असल्याचं निदान झालं तेव्हा मी 47 वर्षांची होते. (ऑटिझम असलेल्यांना मराठीत लावतात तो ‘स्वमग्न’ हा शब्द मला आवडत नाही. ऐकणाऱ्याला आपमतलबी वाटतो. जिन्यावरच्या चपलेच्या आवाजावरून कोण आलंय ते मी सांगते, आणि मी म्हणे स्वमग्न.)

मी पहिल्यांदा सांगितलं ते वहिनीला. ती भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे मी आता काय करू?’ मला भाषण सुचत होतं, पण तोंडातून निघालं एवढंच : ‘लग्नात मला वाढायला उभी करू नका. आहेराची वही द्या.’ त्यानंतरच्या प्रत्येक कार्यात कोठीच्या खोलीजवळ माझी खुर्ची असते. वही, दोन पेनं, पंखा. नातेवाईक म्हणतात, हिशेब हिच्याकडेच द्या, एक रुपया चुकत नाही. वहिनीला ऑटिझमची व्याख्या आजही सांगता येणार नाही.

तर मागायचं ते असं मागा, समोरच्याला लगेच करता येईल इतकं लहान. कामावर शिफ्टमधले बदल तोंडी सांगतात का? सुपरवायझरला म्हणा, ‘तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यातून निसटतं, व्हॉट्सॲपवर टाका.’ त्यासाठी निदान उघड करायची गरज नाही. माणूस पारखल्याशिवाय करूही नका.

बायकोवर रागावू नका. मुलाच्या थेरपीच्या वेळा, शाळेच्या बाईंचे फोन, रात्रीची झोप हे बहुतेक तिच्याच अंगावर असेल. तुमचा कागद आला तेव्हा तिला ऐकू आलं ते ‘आता दोघे’. तिच्याकडे इतक्यात आधार मागू नका. आधी तिच्या हातातलं एक काम उचला, ज्यात तुमचा हात बसेल असं. मुलाच्या वेळापत्रकाचा तक्ता तुमच्याइतका नेटका कोण करणार?

आपल्यासारखी माणसंही लागतात. थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर नीट बघा. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या बापांपैकी एखादा तुमच्याच जातीचा निघेल. ऑटिझम बऱ्याचदा वंशपरंपरेने येतो, तेव्हा तो तिथे सापडण्याची शक्यता चांगलीच. पुण्या-मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या प्रौढ ऑटिस्टिक मंडळींच्या ऑनलाइन बैठका होतात. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. पहिले तीन महिने मी तेच केलं.

आता कागदपत्रं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, उद्या कोल्हापूरला राहायला गेलात तरी. बऱ्याचशा सवलतींना मात्र किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. ते मोजतात 40 मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर : नजर देतो का, हसून प्रतिसाद देतो का, वगैरे. आयुष्यभर नजर द्यायची तालीम केलेल्या माणसाची तिथे पंचाईत होते. आकडा कमी आला म्हणून धारवाडचं निदान खोटं ठरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. कानडी अर्जाने अडू नका. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिव्यांगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो, अर्ज भरून द्यायला त्याला गाठा.

एक सावधगिरी. निदानानंतर काही दिवस हलकं वाटतं, मग जुन्या गोष्टी वर येतात. कोण हसलं, कोणत्या मास्तरांनी मारलं. मलाही दीड-दोन महिने जेवण गेलं नव्हतं. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर धारवाडच्या तारखेची वाट पाहू नका. 14416 हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी, फुकट, रात्रीसुद्धा. मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. असल्या वेळी शब्द शोधत बसायला लागू नये.

आणि आजोबांचं. डबे मोजायला ते लोंढ्याला जायचे, तेव्हा घरी ताट झाकून कोण ठेवत होतं? घरात पाहुणे आले की आजोबांना मागच्या दाराने कोण सोडत होतं? आजीने हे सगळं कुणी न शिकवता केलं असणार, आणि तुमच्या आईने ते डोळ्यांनी बघितलंय. रविवारी तिच्याशेजारी बसा, तुमची ती तपासणीची वही घेऊन, आणि आजी काय काय करायची ते एकेक विचारून लिहून घ्या. डबे किती व्हायचे तेही विचारा, मला कळवा.