समुद्रापुढचं गप्प जेवण

«ताई, लग्नाला चौदा वर्षं झाली. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून आम्ही दोघं पहिल्यांदाच सात रात्रींसाठी एका बेटावरच्या रिसॉर्टला गेलो. राहणं, खाणंपिणं, खेळ, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. नवऱ्याने पहिल्याच रात्री वेळापत्रक केलं. सकाळी योग, मग कायाक, दुपारी स्नॉर्कलिंग, रात्री कार्यक्रम. ‘पैसे भरलेत, वसूल व्हायला हवेत,’ म्हणाला. मला नुसतं पडून राहायचं होतं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, ‘तूच जा.’ तो गेला आणि मी आरामखुर्चीत पडून रडले. त्या रात्री समुद्राकाठी जेवायला बसलो, तर मुलांचा विषय पाच मिनिटांत संपला. पुढे काहीच नाही. आता तो म्हणतोय, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जाऊ. मला भीती वाटते. आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही का?»

प्रिय मैत्रिणी,

तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून तुला तूच म्हणते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या जेवणाच्या टेबलाशी थांबले. समोर समुद्र, ताटात हवं ते, हाताला काही काम नाही आणि तोंडात शब्द नाही. त्या क्षणी पोटात काय गोळा येत असेल, ते मला कळतं.

पण जरा मागे जाऊन आठव, घरी तुम्ही दोघं काय बोलता? मुलांना कोण आणणार, बिल भरलं का, दूध आणलंस का, उद्या डब्याला काय. चौदा वर्षं तुमचं बोलणं या कामांच्या खुंट्यांवर टांगलेलं आहे. त्यात प्रेम नाही असं मुळीच नाही. थकलेल्या माणसाच्या हातातली पिशवी न सांगता घेणं हेही बोलणंच असतं. त्या रिसॉर्टने मनगटावर पट्टा बांधला आणि या सगळ्या खुंट्या एका दिवसात काढून घेतल्या. स्वयंपाक नाही, हिशेब नाही, ठरवायचं काही नाही. मग बोलणं टांगायचं कुठे? तुला जी पोकळी दिसली, ती प्रेम आटल्याची खूण आहे असं मला वाटत नाही. कामाशिवाय एकमेकांसोबत कसं असायचं, याची सवय मोडली आहे.

आता त्याच्या वेळापत्रकाकडे येऊ. ‘वसूल करणं’ हा त्याच्या एकट्याचा दोष नव्हे. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता. समजा, तुम्ही बर्फावर घसरण्याच्या दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक शंभर डॉलरची, एक पन्नासची. मजा पन्नासवालीत जास्त येईल असं तुम्हाला वाटतं. नंतर कळतं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी कमी मजेची, महाग सहल निवडली. पैसे दोन्हीकडे गेलेलेच होते, तरी जास्त गेलेले मनाला जास्त टोचतात. तुझा नवरा चौथ्या दिवशी कायाक वल्हवत होता, तेव्हा त्याच्या मनात हेच टोचत असणार.

खरं तर सगळं आधी भरून टाकायची ही पद्धत निघाली ती पैशांचा विचार सुट्टीतून काढून टाकण्यासाठी. १९५० मध्ये जेरार ब्लित्झ या बेल्जियन वॉटरपोलोपटूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदियाजवळ क्लब मेड या रिसॉर्ट चालवणाऱ्या संस्थेचं पहिलं सुट्टीगाव वसवलं, साध्या तंबूंचं. एकदा पैसे भरायचे, मग खेळ, पोहणं आणि एकत्र जेवणं. दारात पाकीट विसरता यावं, ही त्यातली गंमत. पाकीट डोक्यात घेऊन फिरलं की ती गंमतच निसटते. हे त्याला सांग, पण आरोप म्हणून नको, गोष्ट म्हणून सांग.

मला मात्र आणखी एक शंका आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत महत्त्वाची. ज्या शांततेने तुला रडवलं, तीच शांतता त्यालाही भिववत असेल तर? रिकाम्या दुपारी बायकोपुढे बसून काय बोलायचं, हे त्यालाही सुचत नसेल. काही माणसं अशा वेळी रडतात, काही वेळापत्रक करतात. आणि हाच माणूस पुन्हा तिथेच जाऊ म्हणतोय, हे तू भीतीच्या भरात झटकून टाकू नकोस. त्याला काहीतरी आवडलंय. काय, ते तू विचारलंस का?

इथे तुझंही थोडं चुकलं, ते सांगायला हवं. ‘तूच जा’ या दोन शब्दांचा अर्थ ‘थांब ना माझ्याजवळ’ असा होता, हे त्याला कसं कळावं? बाईच्या मनातलं नवऱ्याने ओळखावं असं आपल्याला वाटत राहतं. मीही त्यात कितीतरी वर्षं घालवली. थांब म्हणायचं असेल तर थांबच म्हणावं गं.

अजून एक गोष्ट तुमच्या विरोधात होती, ती म्हणजे दिवसांची संख्या. नेदरलँड्समधल्या येसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी २३ दिवसांच्या लांब सुट्ट्यांचा अभ्यास केला, तेव्हा लोकांना सर्वांत बरं वाटलं ते साधारण आठव्या दिवशी. मन आधी कामातून सुटतं, मग सैलावतं. तुम्ही चौथ्या दिवशीच स्वतःची परीक्षा घेतलीत आणि नापास ठरवून मोकळे झालात.

पुन्हा जावं का? माझं मत, जा. शक्य असेल तर खोली साधी घ्या आणि दोन-तीन रात्री वाढवा. पहिले दोन दिवस कशातही नाव नोंदवू नका. पुढे रोज एकच गोष्ट, एक दिवस त्याच्या आवडीची, एक दिवस तुझ्या. रोज दोन तास वेगळे घालवा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याला कायाकमधून परत येऊन सांगायला काहीतरी असेल, तुला ऐकायला. आणि जेवताना समोरासमोर न बसता समुद्राकडे तोंड करून शेजारी बसा. नजर चुकवायची गरज नसली की शब्द सोपे होतात.

उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश फार टिकत नाही, बघता बघता अंधार होतो. तेवढा वेळ दोघांनी फोन खोलीत ठेवून वाळूवर बसा. मी आणि माझे यजमान अशाच एका ठिकाणी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन ओहोटीच्या किनाऱ्याने चाललो होतो. पांढुरके खेकडे उजेडात क्षणभर थिजायचे आणि सरकन बिळात शिरायचे. बराच वेळ आम्ही एक अक्षर बोललो नाही. मग ते एकदम त्यांच्या वडिलांबद्दल बोलू लागले. इतक्या वर्षांत कधीच न सांगितलेलं सांगितलं. कशामुळे, कोण जाणे. घाई नव्हती एवढंच मला आठवतं.

पुढच्या वर्षाची वाटही बघू नका. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं दोघंच चालायला जा, मुलांचा आणि घरखर्चाचा विषय दारातच ठेवून. पहिले काही दिवस अवघड जातील, तुम्ही दोघं गप्पच चालाल. चालू दे. मात्र महिनोन् महिने प्रयत्न करूनही तो बोलायला तयारच नसेल, किंवा बोलण्यात तुझा अपमान होत असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नकोस. तुझ्या पत्रात तसं काही मला दिसलं नाही.

आज रात्री चालताना त्याला एवढंच विचार: ‘तुला तिथे पुन्हा का जावंसं वाटतं?’ आणि तो काय म्हणाला, ते मला नक्की लिही.

तुझी,
ताई