वाचक विचारतात : युद्ध संपले, मग खाणीला विरोध का?

प्रश्न : ग्वाटेमालातील छत्तीस वर्षांचे यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले. त्यानंतर आलेल्या सोन्याच्या खाणींना तेथील माया आदिवासींनी विरोध का केला, आणि त्यात मानवी हक्कांचा प्रश्न कोठे येतो?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : शांतता करार झाला त्याच वर्षी ग्वाटेमालाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासी हक्कांविषयीचा करार क्रमांक १६९ स्वीकारला. आदिवासींच्या भूमीतील खनिजांना हात लावण्यापूर्वी त्यांच्याशी विचारविनिमय करणे या करारानुसार सरकारवर बंधनकारक आहे. (भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.) पुढच्याच वर्षी मात्र नव्या खाण कायद्याने सरकारचे स्वामित्वधन सहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणले.

सान मार्कोस प्रांतातील मार्लिन ही सोन्याचांदीची खाण याच कायद्याखाली उभी राहिली. तिचे अवजड यंत्र वाहून नेणारे वाहन सोलोला प्रांतातील लोकांनी अडवून धरले, तेव्हा ते पुढे काढण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये सरकारने पोलिसांबरोबर लष्करही पाठवले आणि त्या संघर्षात एक गावकरी मारला गेला. दुरून पाहणाऱ्याला हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न वाटेल. परंतु सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी सरकारी दले व त्यांच्याशी संलग्न गटांवर होती. ज्यांची गावे लष्कराने जाळली, त्यांच्या रस्त्यावर नऊ वर्षांच्या आत पुन्हा सैनिक उभे राहिले, तेही या वेळी खाणीच्या यंत्रासाठी.

जून २००५ मध्ये खाणीलगतच्या सिपाकापा येथील लोकांनी गावोगावी सभा भरवल्या व बहुतेक गावांनी खाण नाकारली. संविधान न्यायालयाने २००७ मध्ये असा कौल घेण्याचा हक्क मान्य केला, मात्र तो बंधनकारक नसल्याचा निर्वाळा दिला. विचारायचे, पण ऐकायचे नाही, असाच त्याचा अर्थ झाला. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये खाण थांबवण्यास सांगितले, तरी पुढच्याच वर्षी ही अट काढून पाणीपुरवठ्यापुरती सूचना ठेवली. खाण २०१७ पर्यंत चालली.

सिपाकापाची रीत मात्र पश्चिमेकडील डोंगराळ भागात गावोगाव पसरली. पुढे आग्नेय ग्वाटेमालातील एस्कोबाल या चांदीच्या खाणीचे काम २०१७ मध्ये बंद पडले, शिंका आदिवासींशी विचारविनिमय करण्याचा आदेश न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि २०२५ मध्ये शिंकांनी आपला नकार जाहीर केला.