टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर गाडीच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची पेट्रोल सॅन्ट्रो झिंग आहे. गेल्या महिन्यात टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलून घेतले. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली त्या दिवसापासून पिकअप गेला आहे, सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते आणि अॅव्हरेजही कमी झाले आहे. मेकॅनिकने आधी स्पार्क प्लग बदलले, मग एक सेन्सर बदलला आणि आता तो पेट्रोल पंप बदलावा लागेल असे म्हणतो. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : पेट्रोल पंपाला तूर्त हात लावू देऊ नका. गॅरेजमध्ये जाईपर्यंत चांगली चालणारी गाडी बाहेर पडताच बिघडली असेल, तर जे काम झाले त्याच्यावरच पहिला संशय घ्यायला हवा. प्लग, सेन्सर आणि पंप हे तिघेही नेमक्या त्याच दिवशी दगा देतील, ही शक्यता फारच दूरची आहे. आपण सांगितलेली लक्षणे बेल्ट एक दात चुकून बसल्यावर दिसतात त्याच जातीची आहेत.

टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. त्यामुळे कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. समजा, क्रँकच्या पुलीला २० दात आहेत, तर तिचा एक दात म्हणजे १८ अंश. बेल्ट एवढा चुकला की चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्यांच्या ठरलेल्या वेळेपेक्षा १८ अंश आधी किंवा उशिरा उघडतात आणि मिटतात. गाडी सुरू होते, चालतेही, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते. कॅम मागे पडला असेल, तर आत घेतलेल्या हवेतला काही भाग व्हॉल्व्ह मिटण्याआधीच परत बाहेर ढकलला जातो, काँप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब) घटते आणि कमी वेगावर गाडी ओढत नाही, मात्र इंजिनाचे फेरे वाढले की ती थोडी सावरते. कॅम पुढे गेला असेल, तर साधारण उलट घडते : सुरुवातीला ठीक वाटते, पण जास्त फेऱ्यांवर इंजिनाचा दम संपतो. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारे वागते हे पाहून ठेवा आणि मेकॅनिकला तेच सांगा. ‘पिकअप नाही’ एवढ्या शब्दांतून त्याला काही कळत नाही.

चांगल्या हातांकडूनही ही चूक होते, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. जुना बेल्ट काढला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबामुळे कॅम स्वतःहून किंचित फिरतो. नवा बेल्ट चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला जरासा ढिलेपणा राहिला, तर पुलींवरच्या जुळवणीच्या खुणा तेव्हा अगदी बरोबर दिसतात, पण टेन्शनर सोडताच तो ढिलेपणा खेचला जातो आणि एक पुली दातभर सरकते. म्हणूनच काम संपल्यावर क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि खुणा पुन्हा तपासायच्या असा दंडक आहे. स्टार्टर मारून हे काम भागवणे चूक आहे. हाताने फिरवताना कुठे अडले तर लगेच थांबता येते, स्टार्टरला ते कळत नाही. घाईच्या कामात गाळला जातो तो नेमका हाच टप्पा, आणि एखादा कारागीर त्याविषयी कंटाळून बोलू लागला तर मी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा वरचे कव्हर काढून घ्या, चारही प्लग काढायला सांगा म्हणजे इंजिन हलके फिरेल, खुणांवरची घाण कापडाने पुसा आणि आपण स्वतः शेजारी उभे राहून पाहा. एक बारकावा लक्षात असू द्या. बऱ्याच इंजिनांमध्ये बाहेरच्या पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असते. रबर जुने होऊन बाहेरचे कडे सरकले, तर त्याच्यावरची खूण खोटे बोलते. शंका आली तर पुली उतरवून आतल्या दातेरी चक्राची खूण पाहणे हाच उपाय.

खुणा बरोबर निघाल्या, तर काँप्रेशन मोजा. चारही सिलिंडरचा दाब सारखाच, पण कमी असेल तर टायमिंगकडे बोट जाते. एकाच सिलिंडरचा दाब पडलेला असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, प्लगची बैठक किंवा पिस्टनच्या रिंगा यांकडे. स्कॅनरवर ‘पी ००१६’ हा कोड आला असेल, तर क्रँक आणि कॅम यांचा ताळमेळ जुळत नाही असा त्याचा अर्थ. त्यावरून लगेच सेन्सर बदलण्याची प्रथा पडली आहे, पण सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. कोड आला नाही म्हणून टायमिंग बरोबर आहे, असेही मानू नका.

थरथरीची मात्र दोन वेगळी कारणेही असतात. आडव्या बसवलेल्या इंजिनांमध्ये बेल्ट बदलताना बहुधा त्या बाजूचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) सोडावे लागते आणि इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यावा लागतो. माउंटिंग तिरपे बसले किंवा बोल्ट अर्धवट आवळले, तर थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवते, पण गाडीची ताकद कमी होत नाही. दुसरे कारण म्हणजे हवेचा पाइप किंवा व्हॅक्युमची नळी पुन्हा नीट न लावणे. त्याने आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे फेरे) वरखाली होते. आपल्याकडे ताकद आणि थरथर दोन्ही बिघडल्यामुळे मी टायमिंगच आधी पाहीन.

दोष सापडला, तर कामाचे तपशीलवार बिल आणि काढलेले जुने भाग हाताशी ठेवा. बदललेले प्लग आणि सेन्सर यांचा खर्च कोणी सोसायचा, हा मुद्दा गॅरेजशी लेखी बोला. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण बहुतेक गॅरेजवाले त्या टोकाला जाण्याआधीच तोडगा काढतात.

प्रश्न : माझ्या रेनॉ डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट बदलल्यापासून इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत जाणारा शिट्टीसारखा आवाज येतो. मागच्या आठवड्यात आंबा घाट चढताना तापमानाचा दिवाही लागला. दोन्हींचा संबंध आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : संबंध असण्याची शक्यता दाट आहे. या १.५ लिटर डिझेल इंजिनात एकच बेल्ट कॅमशाफ्ट, उच्च दाबाचा डिझेल पंप आणि पाण्याचा पंप हे तिन्ही फिरवतो. बेल्ट गरजेपेक्षा घट्ट ताणला, तर तो शिट्टी मारतो आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर नको तितका भार येतो. जुनाच टेन्शनर ठेवून फक्त बेल्ट बदलला असेल, तरीही असाच आवाज येतो. आपल्या बिलात बेल्टचे पूर्ण किट आणि पाण्याचा पंप यांच्या नोंदी आहेत की नाहीत, ते पाहा. बेल्टचा ताण इंजिन थंड असतानाच लावायचा असतो, हेही विचारून घ्या.

तापमानाचे दुसरे आणि सहसा आढळणारे कारण म्हणजे कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) अडकलेली हवा. पाण्याचा पंप बदलताना कूलंट काढून पुन्हा भरतात. हवा नीट बाहेर निघाली नाही, तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही आणि घाटात मात्र हेडमध्ये (इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागात) गरम हवेचा फुगा राहतो. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही म्हणून ही खूण सुटून जाते. इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर करून पाहा. गार वारा आला, तर हवा अडकली आहे किंवा कूलंटच कमी आहे. इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण कधीही उघडू नका. पंपाच्या खाली वाळलेल्या कूलंटचे डाग दिसले, तर गाडी आणखी चालवू नका. कूलंट बेल्टवर पडला की बेल्टचे आयुष्य फार घटते, आणि हा बेल्ट तुटला तर नुकसान पाण्याच्या पंपापुरते राहत नाही.

प्रश्न : जुनी डिझेल इंडिका. सोलापूर रस्त्यावर बेल्ट तुटून गाडी बंद पडली. जवळच्या मेकॅनिकने नवा बेल्ट चढवला, पण गाडी सुरू होत नाही. आता तो दुसऱ्या गाडीला बांधून ओढून सुरू करूया म्हणतो. – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ओढून सुरू करण्याची परवानगी देऊ नका. डिझेल इंजिनात काँप्रेशन बरेच जास्त ठेवावे लागते म्हणून पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फार थोडी जागा उरते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पण क्रँक गाडीच्या वेगाने आणखी काही फेरे घेतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. स्टार्टर मारल्यावर इंजिन पूर्वीसारखे अडखळत न फिरता एकसारखे घरघरत फिरते आहे का, ते ऐका. तसे असेल, तर काँप्रेशन शिल्लक नाही. ओढून सुरू करण्याच्या प्रयत्नात वाकलेल्या व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले, तर पिस्टन आणि सिलिंडरही खराब होतील आणि हेडच्या कामावर भागणारी गोष्ट पूर्ण इंजिनावर जाईल.

आधी काँप्रेशन मोजा. डिझेलसाठी वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. दाब नसेल, तर हेड उघडणे क्रमप्राप्त आहे. त्याबरोबरच बेल्ट का तुटला, हे शोधायला सांगा. वय झाले असेल तर प्रश्न नाही, पण ऑइल सील गळून बेल्टवर तेल उतरले असेल किंवा एखादे बेअरिंग जाम झाले असेल, तर नवा बेल्टही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : माझ्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टचा टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या इंजिनात बेल्ट नाही, साखळी आहे, आणि ती ठरावीक किलोमीटरला बदलत नाहीत. कोणी ‘टायमिंग बेल्ट’ म्हणून खर्च सांगत असेल, तर तो बहुधा ऑल्टर्नेटर आणि एसीच्या बाहेरच्या पट्ट्याविषयी बोलत असेल किंवा त्याला आपली गाडीच माहीत नसेल. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली, तरच साखळी आणि तिचा टेन्शनर तपासून घ्या. एरवी तेल वेळेवर बदला.