पहिले दोन महिने ट्रेलवर (डोंगरातल्या पायवाटेवर) एकटे पळू नका, ग्रुपबरोबर पळा

सिंहगडाच्या पायवाटेवर रस्त्यावरचा वेग धरलात तर अर्ध्यातच दम संपेल. चढ चालतच चढायचा. ग्रुपमधले जुनेही तेच करतात. ग्रुप निवडताना एकच विचारा: सगळ्यात मागे कोण असतं? तिथे अनुभवी माणूस ठेवत असतील तर बिनधास्त जा.

- प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबा. चुकामूक बहुधा इथेच होते.
- एक लिटर पाणी, शिट्टी, हेडटॉर्च स्वतःची. दुसऱ्याच्या भरवशावर नको.
- उतारावर पुढच्यापासून चार-पाच पावलं अंतर. सुट्या मुरुमावर एक घसरला की मागचाही त्याच्यावर आदळतो.

घड्याळ, पोल (चढ-उतारावर टेकायच्या काठ्या) वगैरे नंतर बघू. आणि खाली आल्यावर न सांगता घरी निघू नका, बाकीचे तुम्हाला शोधत परत वर चढतात!