आजार बरा होऊन दोन वर्षं झाली, रिपोर्टही नॉर्मल आहेत, तरी भीती का जात नाही?

घरचे 'आता विसरून जा' म्हणतात आणि तुम्हाला मात्र रात्री दचकून जाग येते, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेले आहे. सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच धोक्यात आले, तेव्हा ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. शरीर चार-पाच महिन्यांत सावरलं, मनाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

मायक्रोवेव्ह वाजला की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. आयसीयूतला मॉनिटर तसाच वाजायचा. त्याहून छळायची ती एक आठवण: कुणीतरी माझे हात कॉटला बांधतंय आणि आता मला मारणार आहे. कितीतरी महिने मी हे कुणालाच सांगितलं नाही, वेड लागलंय म्हणतील या धास्तीनं.

मी आयसीयूत होते तेव्हा ताई रोज वहीत चार ओळी लिहायची. एकदा धीर करून मी तिला ती आठवण सांगितली. ती उठली, वही घेऊन आली आणि पाचव्या दिवसाचं पान काढून दिलं. 'आज तू घशातली नळी ओढत होतीस म्हणून सिस्टरांनी हात बांधून ठेवले. मी बाजूलाच बसलेय.' हात बांधले होते हे खरंच होतं तर! पण नळी निघू नये म्हणून, आणि ताई तिथेच होती. ती आठवण अजूनही आहे, तिचा धाक मात्र उरला नाही.

आयसीयूत अनेकांना असे भास होतात. घरी आल्यावरही रेंगाळणारी भीती, उदासी, विसराळूपणा, अशक्तपणा या सगळ्याला मिळून 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. स्कँडिनेव्हियातल्या (डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन) बऱ्याच आयसीयूंमध्ये नर्स आणि नातेवाईक पेशंटसाठी अशीच डायरी लिहितात. तुमचा आजार वेगळा असेल, पण कॅन्सर किंवा हार्ट अटॅकनंतरही मन असंच मागे अडकू शकतं.

माणसांच्या सोबतीचं म्हणाल तर, माणसं धावून येतात ती दवाखान्यात. डिस्चार्ज मिळाला की जो तो आपापल्या कामाला लागतो, आणि मन नेमकं तेव्हा बोलू लागतं. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना मी कधीच काही सांगू शकले नाही. 'मंगळवारी तपासणीला मी येते' म्हणणारी एक मैत्रीण मात्र वर्षभर येत राहिली. 'पॉझिटिव्ह राहा' हे शब्द तर मला अजूनही सोसत नाहीत, त्यांनी बोलणंच खुंटतं.

झोप रोजच उडत असेल किंवा भीतीपोटी तपासण्या टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना नक्की भेटा. अशा आघातांवर चांगले उपचार आहेत, मलाही त्यांचा उपयोग झाला. आणि त्या दिवसांत तुमच्या उशाशी जे कुणी बसलं होतं, त्यांना एकदा सगळं पहिल्यापासून सांगायला लावा. मी वही वाचून मिटली तेव्हा ताई रडायला लागली. इतके महिने तिलाही झोप नव्हती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.