'व्हेअर ईगल्स डेअर' हा जुना युद्धपट आज बघण्यासारखा आहे का?

आहे की! १९६८चा पिक्चर, अडीच तासांच्या वर लांबी, तरी कंटाळा येत नाही. रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवूड जर्मन गणवेश घालून आल्प्समधल्या किल्ल्यात घुसतात, पकडलेल्या अमेरिकन जनरलला सोडवायला, असं आपल्याला वाटतं, पण खरी भानगड वेगळीच असते. जेवणाच्या हॉलमधला तो लांबलचक सीन बघा, बर्टन नुसता बोलत सुटतो, दर दोन मिनिटांनी बाजू बदलतो, आणि हा नक्की कोणाचा माणूस आहे हे ईस्टवूडसकट आपल्यालाही कळेनासं होतं. माझ्या मते सगळा पिक्चर त्या एका सीनसाठी बघावा, गोळीबार नंतर आहेच भरपूर, जरा जास्तच. रोपवेच्या टपावरची मारामारी बघताना मात्र अजूनही पोटात गोळा येतो. किल्ला खरा आहे बरं का, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन.

चुका आहेत, जर्मन जनरल ज्या हेलिकॉप्टरमधून येतो ते मॉडेल युद्धानंतरचं आहे, पण तिकडे दुर्लक्ष करा. रॉन गुडविनचं सुरुवातीचं ड्रमवालं म्युझिक हेडफोन लावून ऐका, आणि शेवट आधी वाचू नका प्लीज.